धनको नसलेलें ऋण

नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर या गांवीं घरांना दारें नाहींत, चौकटींना कुलपें नाहींत, ही गोष्ट आतां इतकी प्रसिद्ध झाली आहे कीं, तिचा पुन्हां उल्लेख करणारा लेखक वाचकांस थोडासा कंटाळवाणाच वाटावयाचा. २०११ सालीं एका बँकेनें तेथें कुलपावांचून शाखा उघडली, तेव्हां वृत्तपत्रांनीं तिचें मोठें कौतुक केलें. परंतु या उघड्या घरांचें नैतिक मूल्य ठरवूं गेल्यास एक अडचण उभी राहते. चोरी करणारास शनिदेव तत्काळ शासन करतो, अशी तेथील लोकांची दृढ श्रद्धा आहे. भाविकांच्या श्रद्धेस धक्का लावण्याचा आमचा हेतु नाहीं. पण जेथें शासन अटळ मानलें जातें तेथें कुलूप नाहीं असें म्हणवत नाहीं. फार तर तें डोळ्यांस दिसत नाहीं, इतकेंच म्हणतां येईल. प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथांत गायजीझच्या अंगठीची कथा घातली आहे. तिचा खडा आंत वळवितांच ती धारण करणारा अदृश्य होतो. आणि अदृश्य झालेला मनुष्य न्यायानें वागेल काय, असा प्रश्न तेथें उपस्थित केला आहे. शिंगणापुरांत ही अंगठी निरुपयोगी, कारण शनीची दृष्टि तिच्याही पलीकडे पोंचते. ती अंगठी खरोखर चालते अशा ठिकाणीं माणसें कशीं वागलीं, याचें उदाहरण आम्हांस एका अगदीं ऐहिक, आणि कित्येकांस रुक्ष वाटेल अशा व्यवहारांत सांपडलें. तो व्यवहार म्हणजे जुन्या संगणकांवरील शेअरवेअरचा.

हा शब्द ज्यांच्या कानावरून गेला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. संगणकास काम सांगणारी एखादी आज्ञावली लिहावयाची, ती फ्लॉपीवर भरून चार ओळखीच्यांस द्यावयाची, त्यांनीं ती आणखी चौघांस द्यावी अशी मोकळीक ठेवावयाची, आणि सोबत एवढेंच लिहावयाचें कीं, ही आपल्या उपयोगीं पडली तर अमुक डॉलर अमुक पत्त्यावर पाठवावे. न पाठविल्यास आज्ञावली बंद पडत नसे. घेणाराचें नांव देणारास कळतही नसे. १९८२ सालीं अमेरिकेंत अँड्र्यू फ्लूगेलमन यांनीं 'पीसी-टॉक' या रीतीनें वांटली व २५ डॉलरांची विनंति केली. त्याच वर्षीं जिम नॉफ यांनीं 'पीसी-फाइल' वांटली. फ्लूगेलमन यांनीं आपल्या पद्धतीस दिलेल्या 'फ्रीवेअर' या नांवावर त्यांचा हक्क होता. त्यामुळें इतरांस दुसरा शब्द शोधणें भाग पडलें, आणि १९८३ सालीं बॉब वॉलेस यांनीं आपल्या 'पीसी-राइट'साठीं वापरलेला 'शेअरवेअर' हा शब्द रूढ झाला. या तिन्ही आज्ञावल्या आयबीएमच्या यंत्रासाठीं होत्या. मॅकिन्टॉश २४ जानेवारी १९८४ रोजीं लोकांपुढें आला, आणि त्याच्यासाठीं निघालेल्या 'मॅकवर्ल्ड' मासिकाचे पहिले संपादक हेच फ्लूगेलमन होते. यावरून कांहीं कार्यकारणभाव जोडण्याची आमची इच्छा नाहीं. पण मॅकिन्टॉशच्या भूमींत या प्रथेनें चांगलें मूळ धरलें, एवढें खरें. १९८७ सालीं न्यूयॉर्कमधील रेमंड लाउ या शाळकरी मुलानें 'स्टफिट' लिहिली. फाइली आवळून लहान करणारी ही आज्ञावली इतकी सर्वत्र पसरली कीं, त्या काळचा मॅकिन्टॉशवरील बहुतेक ठेवा आजही तिच्याच गांठोड्यांत बांधलेला आढळतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील जॉन नॉरस्टॅड यांनीं 'डिसइन्फेक्टंट' ही विषाणूंचा शोध घेणारी आज्ञावली तर कांहींच न मागतां दिली. आणि १९९८ सालीं, नव्या जातीचे विषाणू तिच्या आटोक्यांतले नाहींत असें दिसतांच, तसें उघड सांगून ती मागें घेतली. आपलें दान अपुरें पडूं लागलें हें दात्यानेंच जाहीर करावें, हें आम्हांस त्या दानाहूनही मोठें वाटतें.

आतां घेणाराकडे वळूं. "त्यानें आपण होऊन दिलें, मीं मागितलें नव्हतें, माझ्या घेण्यानें त्याच्याजवळचें कांहीं उणें झालें नाहीं, मग देणें कसलें?" हा युक्तिवाद बुद्धिमान विद्यार्थी वर्गांत नेहमी करतात, आणि त्यांतील पहिलीं दोन विधानें बिनचूक आहेत. चूक होते ती 'दिलें' या शब्दाच्या अर्थांत. आमच्या जिल्ह्यांत कुठल्याही शेताच्या बांधावरून जाणारास हें समजावून सांगावें लागत नाहीं. भुकेल्या वाटसरूनें उभ्या पिकांतलीं चार कणसें खाल्लीं तर शेतकरी रागवत नाहीं. उलट हुरड्याच्या दिवसांत हाक मारून बसवितो. पण तीच कणसें धोतरांत बांधून नेलीं तर ती चोरी. दोन्ही वेळां कुंपण सारखेंच उघडें असतें. परवानगी खाण्याची होती, नेण्याची नव्हती. शेअरवेअरच्या कर्त्यानेंही परवानगी अशीच दिली होती: वापरून पाहा, आणि ठेवून घेणार असाल तर मोल पाठवा. पहिला भाग घेऊन दुसरा टाकून देणारा मनुष्य दान स्वीकारीत नाहीं. करारांतला आपल्या सोयीचा अर्धा भाग फाडून घेतो.

आपल्याकडच्या वाचकाच्या ओठावर येथें एक उत्तर येईल, व तें अगदींच टाकाऊ नाहीं. १९९९ च्या सुमारास २० डॉलर म्हणजे साडेआठशें रुपये. १९७३ चा परकीय चलनाचा कायदा २००० सालापर्यंत अंमलांत होता, आणि मध्यम स्थितीच्या गृहस्थानें परदेशांतील अनोळखी माणसास एवढी रक्कम पाठविणें ही साधी गोष्ट नव्हती. ज्याला देणें शक्यच नव्हतें त्याच्यावर न देण्याचा ठपका कसा ठेवावा? या उत्तराकडे आम्ही पुन्हां येऊं. तूर्त तें बाजूस ठेवतों.

कारण दरम्यान देणारांचाच धीर सुटला. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथें अँड्र्यू वेल्च यांनीं १९९३ सालीं स्थापिलेली अँब्रोशिया ही कंपनी मॅकिन्टॉशवरील खेळांसाठीं नांवाजलेली होती. तिच्या १९९६ च्या 'एस्केप व्हेलॉसिटी' या खेळांत मोल न देणारास आठवण करून देण्याची मोठी गमतीची योजना होती: खेळांतच कॅप्टन हेक्टर नांवाचें एक पात्र येऊन पैशांची आठवण करी, आणि मुदत टळल्यावर त्याच्यावर तोफा डागी. येथवर थट्टा होती. पुढें कंपनीनें खरें कुलूप घातलें. पैसे भरणारास मिळणारा सांकेतिक क्रमांक ठराविक मुदतींतच यंत्रांत भरावा लागे. पुढें यंत्र बदललें, तर तो कंपनीकडून नवा करून घ्यावा लागे. फुकट्यांच्या उपद्रवानें कंपनी या थरास आली, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु २०१९ च्या सुमारास कंपनीचें संकेतस्थळ नाहींसें झालें, आणि क्रमांक नवा करून देणारें कोणी उरलें नाहीं. मग काय झालें? ज्यांनीं कुलपें फोडलीं होतीं त्यांचे खेळ चालूच राहिले. ज्यांनीं इमानानें पैसे मोजले ते बाहेर राहिले. कुलूप चोरासाठीं असतें असें आपण समजतों. येथें तें सावासाठीं ठरलें. अशा सज्जनानें आपणच विकत घेतलेल्या वस्तूचें कुलूप तोडावें कीं नाहीं? कायद्याचें म्हणणें काय पडेल तें वकील सांगतील. आमचें मत, त्यानें तें खुशाल तोडावें.

जुन्या मॅकिन्टॉशचा प्रश्न आज कोणाला पडतो, असें वाचक विचारतील. अहिल्यानगरांतील आमच्या एका स्नेह्यांच्या छापखान्यांत त्या दशकांतलें एक यंत्र अजून चालतें. युनिकोडपूर्व काळांतील मराठी टंकांत जुळविलेले मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडले तर निव्वळ गिचमिड दिसते, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांपैकीं कांहीं संस्थांचे जुने अहवाल त्याच टंकांत अडकलेले आहेत. हें यंत्र मधून मधून १९५६ सालांत जातें. याचें कारण मौजेचें आहे. या यंत्रांच्या पोटांत ३.६ व्होल्टची लिथियमची एक आंखूड बॅटरी असते; ती मेली कीं घड्याळ मूळपदावर येतें. जुनीं मॉडेलें १ जानेवारी १९०४ दाखवितात, कारण मॅकिन्टॉशची कालगणना तेथूनच सुरू होते; कांहीं नंतरचीं ऑगस्ट १९५६ दाखवितात. बॅटरी वेळींच काढली नाहीं तर ती फुटून आंतील पाटी खाऊन टाकते, आणि मग यंत्र कायमचें गेलें. सुरू होतांना यंत्र अडखळलें तर शिफ्टची कळ दाबून धरावी, म्हणजे मागाहून जोडलेलीं एक्स्टेन्शनें बाजूस राहतात. तसें केल्यानें तें नीट सुरू झालें तर दोष त्यांपैकींच एखाद्यांत आहे. मग निम्मीं चालू करून पाहावीं, निम्मीं बंद ठेवावीं. ज्या निम्म्यांत दोष सांपडेल त्याचे पुन्हां दोन भाग करावे. बत्तीस असलीं तरी पांच खेपांत गुन्हेगार हातीं लागतो, मात्र तो एकटाच असला पाहिजे. दोन एक्स्टेन्शनांचें आपसांतच पटत नसेल तर हिशेब बिघडतो. कमांड, ऑप्शन, पी व आर या चार कळा एकदम धरल्या कीं यंत्राच्या लहानशा स्मृतींत सांठलेल्या बिघडलेल्या खुणा पुसल्या जातात. या सर्व युक्त्या आमच्या स्नेह्यांस कोणी शिकविल्या? ज्यांना ते कधीं भेटले नाहींत, ज्यांचीं नांवेंही त्यांना धड ठाऊक नाहींत, अशा माणसांनीं. कोणीतरी कोठेंतरी रात्रभर त्याच दोषाशीं झगडलें, आणि सकाळीं झोपण्यापूर्वीं इतरांसाठीं चार ओळी लिहून ठेवल्या. शेअरवेअरला निदान पत्ता तरी होता. युक्तीला तोही नसतो, आणि तिला कुलूप लावण्याची कल्पनाही कोणाच्या मनांत येत नाहीं.

येथें आम्ही मूळ प्रश्नाच्या अवघड भागापाशीं येऊन पोंचतों. फ्लूगेलमन १९८५ च्या जुलैंत नाहींसे झाले. त्यांची मोटार सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापाशीं सांपडली, ते सांपडले नाहींत. 'पीसी-टॉक' त्यानंतरही हातोहातीं फिरत राहिली. ज्यानें ती नंतर घेतली त्यानें २५ डॉलर कोणास पाठवावे? आपल्या कायद्यानें कर्त्याच्या पश्चात् ६० वर्षें त्याचा हक्क टिकतो, हें खरें. पण वारसाचा पत्ता नसलेला हक्क हा नीतीच्या दृष्टीनें फारसा मार्गदर्शक नाहीं. धनको नाहींसा झाला म्हणजे ऋण फिटलें काय?

आपल्या परंपरेनें या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं केला आहे. तैत्तिरीय संहितेंत जन्मतःच लागणारीं तीन ऋणें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं ऋषींचें ऋण अध्ययनानें फिटतें. ऋषीला परत कांहींच द्यावयाचें नाहीं. तो हयात नाहीं, आणि असता तर त्याला तें नकोच असतें. त्यानें दिलेलें शिकावयाचें, राखावयाचें व पुढच्याच्या हवालीं करावयाचें. ज्ञानेश्वरी शके १२१२ त आमच्याच नेवाशास सिद्ध झाली. तिच्या प्रती हातोहात उतरतांना पाठ बिघडत गेले, पदरच्या ओव्या घुसल्या. जवळजवळ तीनशें वर्षांनीं, शके १५०६ त, पैठणच्या एकनाथांनीं प्रती जुळवून ती शुद्ध केली. आजच्या भाषेंत याला बिघाडदुरुस्तीच म्हणावें लागेल. एकनाथांनीं ज्ञानेश्वरांस काय परत दिलें? कांहीं नाहीं, आणि तरी त्यांच्या इतकें पुरेपूर ऋण कोणी फेडलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. आणि इतकें मागें तरी कशाला जा? अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, ती देशी वाणांचें बियाणें राखल्याबद्दल. शेतकऱ्यास त्या बियाणें देतात आणि पीक आल्यावर दुप्पट परत मागतात. तें दुप्पट त्यांच्या घरीं सांठून राहत नाहीं. पुढच्या शेतकऱ्याकडे जातें. सावकारीचाच आकार, पण व्याज तिसऱ्याच्या शेतांत उगवतें.

मात्र या विचाराचा आडोसा करणारे लोक आहेत, व ते सुशिक्षितच असतात. "मी पुढच्याला मदत करीन" असें म्हणून मागच्याचें बिल चुकविणें फार सोपें आहे. ऋषिऋणाचा मार्ग धनको हयात नसेल तेव्हांच खुला होतो. रेमंड लाउ यांचा पत्ता 'स्टफिट'बरोबरच छापून येत असतांना ज्यानें तो वाचला आणि कांहीं पाठविलें नाहीं, त्यानें पुढें शंभर जणांचीं यंत्रें दुरुस्त केलीं तरी तें पुण्य वेगळें आणि तें देणें वेगळें. आमचे स्नेही या बाबतींत आमच्याहून उदार आहेत. दोन्ही एकाच खात्यावर जमा करावीं, असें त्यांचें म्हणणें. खातें ज्याचें त्यालाच ठाऊक असतें, हें त्यांचें उत्तर आम्हांला पुरतें पटलें नाहीं.

आणि ज्यांना पाठविणें शक्यच नव्हतें त्यांचें काय, हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवला होता. १९९० नंतरच्या त्या वर्षांत मॅकिन्टॉशवर चित्रें पाहण्यासाठीं 'जेपीईजी-व्ह्यू' नांवाची एक सुरेख आज्ञावली होती. तिचे कर्ते एरन जाइल्स यांनीं मोल म्हणून मागितलें होतें एक चित्राचें पोस्टकार्ड, आपापल्या गांवचें. त्याला परकीय चलन लागत नव्हतें, बँकेचा ड्राफ्ट लागत नव्हता. नगरच्या बाजारांत चांदबिबी महालाचें एखादें चित्र मिळालें नसतें असें नाहीं, आणि परदेशचें टपाल-तिकीट तर चितळे रस्त्याजवळच्या पोस्टांतही मिळालें असतें.