गीता चिंतन : कर्ता कोण, करण कोणतं?

॥ हरि ॐ ॥

आजचा श्लोक : अध्याय १८, श्लोक १४

कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात : अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. करण म्हणजे साधन. टीकाकारांनी इथे मुख्यतः इंद्रियं घेतली आहेत, पण हातातलं अवजारही आपण त्यात धरू शकतो.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. हल्ली दोन ओळींत काम सांगितलं की दोनशे ओळींचा कोड लिहून देणारी साधनं आली आहेत. मग कोड हाताने लिहावा की यंत्राकडून लिहून घ्यावा?

प्रश्न तसा जुनाच. १९५७ साली फोरट्रान आली, तेव्हा यंत्राने तयार केलेल्या आज्ञा आपल्या हाताच्या कामाची बरोबरी करतील का, अशी शंका अनेकांना होती. आज त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फरक एवढाच, की फोरट्रानचं भाषांतर ठरलेल्या नियमांनी व्हायचं. आजचं साधन अंदाजाने लिहितं. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर वेगळं येऊ शकतं.

आमच्याकडे एका पतसंस्थेचं काम होतं. पिग्मी खातं मुदतीआधी बंद केलं तर व्याज किती द्यायचं, याचा कोड एका तरुण सहकाऱ्याने साधनाकडून करून घेतला. म्हणाला, "दादा, टेस्ट सगळ्या पास झाल्यात. चालतंय ना, मग परत कशाला लिहायचं?" मी म्हटलं, "ही तिसरी अट इथे का आहे, तेवढं सांग." त्याला सांगता येईना. मलाही उमगेना.

पिग्मीत रोज पन्नास-शंभर रुपये टाकणारी भाजीवाली आपला कोड कधीच बघणार नाही. ती पासबुकावरचा आकडा खरा मानते. तिने विचारलं तर "मशीनने लिहिलंय" हे उत्तर होईल का?

शेवटी फॉर्म, याद्या, अहवाल आम्ही साधनावर सोपवले. व्याजाचा भाग मात्र संस्थेचे नियम शेजारी ठेवून दोघांनी हाताने लिहिला. एक दिवस जास्त गेला, साहेबांची नाराजीही झाली.

याच अध्यायात आठव्या श्लोकात भगवंत म्हणतात, की कष्ट होतील या भीतीने कर्म सोडणं हा राजस त्याग, त्याचं फळ मिळत नाही. म्हणजे काम साधनाला दिलं यात दोष नाही. का दिलं, ते पाहायचं. समजून घेण्याचा त्रास नको म्हणून दिलं असेल, तर कर्ता आपली जागा सोडून पळाला. आणि सोळावा श्लोक दुसरी बाजूही सांभाळतो : केवळ मीच कर्ता, असं मानणाऱ्याला नीट दिसत नाही. त्यामुळे "मी सगळं हातानेच लिहितो" हा ताठाही नको.

आजचा अभ्यास एवढाच. एखादं काम साधनाकडे देताना स्वतःला विचारू या : ज्याच्यावर याचा परिणाम होणार, त्याला हे मी समजावून सांगू शकेन का? सांगता येत असेल तर खुशाल द्यावं. नसेल तर बसावं, वाचावं, गरज पडली तर स्वतः लिहावं. दिवसाचं कर्म रात्री देवापुढे ठेवायचं, तर ते आपल्याला ठाऊक तरी हवं.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥