गोवर्धनाखालची काठी

भक्ताचा योगक्षेम आपण चालवू, असे वचन भगवंतांनी गीतेत दिले आहे, आणि ते कधी खोटे होणार नाही. परंतु या वचनाचा अर्थ पुष्कळ जण आपल्या सोयीने लावतात. जे नाही ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले त्याचे रक्षण होणे हा क्षेम, असा शास्त्रकारांनी उलगडा केला आहे. आता हे वचन ज्याला दिले त्या अर्जुनाला देवाने रथात स्वस्थ निजायला सांगितले काय? नाही. घोडे देवाने हाकले, पण धनुष्य अर्जुनालाच उचलावे लागले. क्षेमाचा भार देवावर टाकणारा भक्त हातपाय गाळून बसत नाही. हाच विचार आज पावसापाण्याच्या आणि घरसंसाराच्या संबंधाने मांडावयाचा आहे.

गोवर्धनाची कथा लहान लेकरालाही ठाऊक असते. इंद्र कोपला, सात दिवस मुसळधार लागली, देवाने पर्वत उचलून धरला. परंतु त्या कथेतील एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. देवाने गोपांना सांगितले की गाईवासरे, गाडे, चीजवस्तू, पदरची माणसे, सगळे घेऊन आत या. पाहा, प्रत्यक्ष भगवान उभे असतानाही गोकुळातल्या प्रत्येक घराला आपले खटले आवरावेच लागले! आणि आपल्याकडे लोक त्यात गोड भर घालून सांगतात की गोपांनी आपापल्या काठ्या पर्वताला लावल्या. त्या काठ्यांवर पर्वत तोलला गेला नाही हे खरे. पण ज्याने काठी लावली तो हातावर हात ठेवून बसला नाही, हे तितकेच खरे.

आता आपल्या वडीगोद्रीकडे पाहा. अंबड तालुक्यातले, धुळे-सोलापूर रस्त्यावरचे हे गाव. खाली शहागडला गोदामाई, वर पैठणला जायकवाडीचे धरण. इथल्या माणसाला एकाच जन्मात पाण्याची दोन्ही टोके पाहावी लागतात. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांनी खडी फोडून आणि सुकडी खाऊन काढला. २०१२-१३ साली जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. त्याच गोदेला २००६ साली महापूर आला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अशी अतिवृष्टी झाली की जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले व गोदाकाठच्या गावांत, शेतांत पाणी शिरले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तर कोण विसरेल? आदल्या दिवशी गणपती बोळवून किल्लारीची माणसे निजली होती. भूकंपाचे भय सर्वांत कमी, अशा पट्ट्यात तो मुलूख तेव्हा धरला जात होता. नुसत्या मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर आले, आणि हजारो जीव गेले. संकट सांगून येत नाही. ‘आमच्याकडे असले काही होत नाही’ हे वाक्य तेवढे त्याच्या आधी येते.

एकदा कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आम्हांला म्हणाले, “महाराज, जे व्हायचं ते होणारच. ललाटी लिहिलेलं कुणाला चुकलंय?” आम्ही म्हटले, “बाबा, तुम्ही पेरता तेव्हा बी टाकता की नाही? नशिबात असेल तर न टाकताच उगवेल, असं म्हणून घरी बसता का?” ते हसले. प्रारब्ध भोगल्यावाचून सुटत नाही, पण आळस हे प्रारब्ध नव्हे.

वारकऱ्याला ही गोष्ट नव्याने शिकवायला नको. आषाढीला निघताना आपण पडशी आवरतो, अंथरूण-पांघरूण, तांब्या, औषधाची पुडी घेतो. दिंडीचा तंबू आणि पाण्याचा टँकर आधी ठरलेला असतो. त्याने विठ्ठलावरचा विश्वास उणा झाला असे कोणी म्हणते काय? मग जशी वारीची पडशी, तशीच घराचीही एक पडशी मृगाआधी भरलेली असावी. सातबारा, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एका जागी ठेवावे. विजेरी, काडेपेटी, रोजची औषधे, थोडे रोख पैसे, चार दिवस पुरेल असे कोरडे खाणे आणि झाकलेले पिण्याचे पाणी असावे. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. बियाणे आणि कडबा उंचावर ठेवावा. पाणी चढू लागले की आधी जनावरांची दावी सोडावी. बांधलेल्या मुक्या जिवाला पळताही येत नाही, पोहताही येत नाही. १०७७ हा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा आकडा भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

विजेचे भय तर आपल्या रानात दर वर्षीचे. आभाळ गरजू लागले की झाडाखाली कधीही उभे राहू नये. पक्क्या घरात जावे. वीज चमकली की सावकाश एकेक विठ्ठलनाम घ्यावे. तीस नामे व्हायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून आसरा गाठावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. नामही झाले आणि जीवही राखला!

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साठवण आपल्यापुरतीच राहिली तर तो लोभ होय. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली, म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. कोठारे भरलेली होती म्हणून नव्हे. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी, जिला ऐकू कमी येते, तिला रात्री पाणी चढताना कोण उठवणार? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण उचलणार? बाळंतीण कोणाच्या गाडीतून जाणार? हे पूर आल्यावर ठरत नाही. एखाद्या एकादशीला भजन झाल्यावर देवळात बसून नावानिशी ठरवून टाकावे.

पर्वत तोलणारा समर्थ आहे. तो तोलेलच. आपण आपली काठी घेऊन वेळेवर हजर असावे, आणि येताना शेजाऱ्याचा हात धरलेला असावा, एवढेच मागणे.

रामकृष्णहरी.