गडद रंगाचे टॉवेल



आजाऱ्यांच्या भेटीला जाताना मागे एका घरी आमच्यापुढे प्रश्न उभा राहिला. तोंडाच्या कर्करोगावर घरच्या कर्त्या पुरुषाचे ऑपरेशन झाले होते, शेकही देऊन झाले होते. तरी गाठ मानेत पुन्हा वाढली. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, "गडद रंगाचे दोन-चार टॉवेल हाताशी ठेवा." कशासाठी, हे आईला सांगावे काय, असे त्याने आम्हांला विचारले.

मानेच्या दोन्ही बाजूंनी कॅरोटिड ही मोठी रक्तवाहिनी मेंदूकडे जाते. शेक, ऑपरेशन, जंतुसंसर्ग आणि वाढती गाठ यांनी तिची भिंत कमजोर होते व थोड्या रुग्णांत ती फुटते. पुष्कळदा आधी थोडेसे रक्त येऊन आपोआप थांबते. ती धोक्याची सूचना असते; बरे झाले, थांबले, असे म्हणून गप्प बसू नये. प्रकृती साथ देत असेल तर इस्पितळात स्टेंट बसवता येतो किंवा ती वाहिनी बंद करता येते. त्यात अर्धांगवायूचा धोका असतो. आजार अखेरच्या टप्प्यात असला आणि वाहिनी पूर्ण फुटली, तर हाती काही मिनिटेच उरतात.

उपाय आहे म्हणून तो करायलाच हवा काय? पोप पायस बारावे यांनी 1957 साली डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते की, नेहमीचे उपाय करणे आपले कर्तव्य आहे. रुग्णावर व घरच्यांवर फार मोठा भार टाकणारे असाधारण उपाय बंधनकारक नाहीत. वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला, तरी मरण घडवण्याचा हेतू नसेल तर ते देता येते, हेही त्यांनी त्याच वर्षी स्पष्ट केले. म्हणून डॉक्टरांनी तयार ठेवायला सांगितलेल्या झोपेच्या इंजेक्शनाविषयी त्या मुलाने मनाला लावून घेण्याचे कारण नव्हते.

सांगण्याचा प्रश्न अधिक अवघड होता. आई घाबरेल, हे त्याचे म्हणणे खरेच होते. पण रात्री उशाशी तीच बसत असे! पांढऱ्या चादरीवर अचानक रक्त पाहून ती मदतीसाठी रस्त्यावर धावली असती आणि तेवढ्यात तो माणूस एकटाच गेला असता. अशा वेळी टॉवेल दाबून धरावा, हात हातात घ्यावा, इंजेक्शन आणण्यासाठीसुद्धा त्याला एकटे सोडू नये, असे डॉक्टर सांगतात. टॉवेल गडद एवढ्यासाठी की रक्ताचा रंग रुग्णाच्या व घरच्यांच्या डोळ्यांत भरू नये. हीही एक लपवाछपवीच. पण तिने कोणी फसत नाही.

सांगावे, असे आम्ही म्हटले. मुलगा तासभर ओट्यावर बसून राहिला, मग आत गेला. आई म्हणाली, "त्या दिवशी उशीवर डाग पडला, तेव्हाच मला कळलं होतं रे. तुला सांगत नव्हते."

दुसऱ्या दिवशी तिने फादरांना तैलाभ्यंगासाठी बोलावले आणि तपकिरी टॉवेल धुऊन खाटेच्या कठड्यावर टाकले. आजाऱ्याने पाटीवर लिहून विचारले, "हे कशाला?" ती त्याच्याजवळ बसली आणि तिनेच त्याला सांगितले.