राऊटर खाकरत नाही

नव्या घरातल्या बऱ्याच गोष्टी दिसू नयेत अशाच बसवायच्या असतात. नळाचे पाइप, विजेच्या तारा, सांडपाण्याची वाट. स्लॅब ओतण्याआधी लोखंडाच्या जाळीत पाइप टाकायचे, भिंतींना खाचा पाडायच्या आणि प्लास्टर झालं की विसरून जायचं. भुसावळला जामनेर रोडच्या बाजूला आमचं दोन मजली घर बांधलं, तेव्हा या यादीत इंटरनेटची केबलही आली. ‘तुला त्यातलं कळतं’ म्हणून ते काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं.

काम तसं सरळ होतं. विजेची तार आणि डेटाची केबल एकाच पाइपातून न्यायची नाही. प्रत्येक खोलीत कॅट सिक्स केबलचं एक टोक काढायचं. स्लॅबमधून वायफाय धड वर चढत नाही, म्हणून वरच्या मजल्यावर वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट. तोही छताला चिकटून नको, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि गच्चीचा स्लॅब तव्यासारखा तापतो. दोन पाइप मुद्दाम रिकामे ठेवले. दहा वर्षांनी कुठली केबल येईल, कुणी सांगावं? इथपर्यंतचं सगळं इलेक्ट्रिशियनला समजावण्यासारखं होतं. अवघड प्रश्न राऊटर सुरू झाल्यावर आला.

राऊटरच्या अ‍ॅपमध्ये घरातल्या सगळ्या उपकरणांची यादी दिसते. आईचा फोन, दादाचा लॅपटॉप, वहिनीचा फोन, पुतणीचा टॅब, बाबांचा टीव्ही. कोण कधी जोडलं गेलं, कुणी किती डेटा वापरला. बाबा शेजारी बसून बघत होते. त्यांनी सहज विचारलं, “यात कोण काय बघतं, तेही कळतं का रे?”

उत्तर ‘थोडंसं’ असं आहे. काही राऊटरमध्ये एक बटण असतं. ते चालू केलं की कुठल्या फोनवरून कुठल्या वेबसाइटकडे मागणी गेली, याची नोंद राहते. आजकाल बहुतेक साइट्सची देवाणघेवाण कुलूपबंद असते, त्यामुळे आतला मजकूर दिसत नाही. पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतली चिठ्ठी नाही. पण नुसत्या पत्त्यांवरूनही माणूस बराच कळतो. एखाद्याने आठवडाभर रोज नोकरीच्या साइट्स उघडल्या, किंवा कुणी एका विशिष्ट आजाराबद्दलची पानं पुन्हा पुन्हा पाहिली, तर चिठ्ठी वाचायची गरजच काय?

ते बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. चालू केलं असतं तर घरात कुणालाही कळलं नसतं. मला अडवणारा कोणताही कायदा नव्हता, आणि इथूनच मला हा प्रश्न तंत्राचा न वाटता नीतीचा वाटू लागला.

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. कंपन्यांनी आपली माहिती कशी वापरावी, याचे नियम त्यात आहेत. पण व्यक्तीने घरगुती किंवा स्वतःच्या कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. त्याच कायद्यात कंपन्यांना, काही अपवाद सोडता, १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. म्हणजे जे एखाद्या अ‍ॅपने माझ्या पुतणीच्या बाबतीत करू नये, ते मी तिचा काका म्हणून सहज करू शकतो. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो आणि चपला काढून बाहेरच थांबतो.

थांबावंच त्याने. प्रत्येक घराच्या वायफायवर सरकारी निरीक्षक बसवावा, असं मला अजिबात वाटत नाही. पण मग उंबरठ्याच्या आतला नियम आपल्यालाच करावा लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: घरात कसली आलीय प्रायव्हसी? आम्ही एका खोलीत आठजण वाढलो. आक्षेपात तथ्य आहे. माझं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथे कुणाचं पत्र आलं, कोण रुसलं, कुणाला किती मार्क पडले, सगळं सगळ्यांना माहीत असायचं.

पण त्या दाटीतही एक रीत होती. जुन्या घरांत माजघरात शिरण्यापूर्वी वडीलधारे पुरुष खाकरायचे. खोकला झालेला नसायचा. ‘मी येतोय’ हे न बोलता सांगणं असायचं. त्यामागे आतल्या बायकांनी पदर सावरून बसावं अशी अपेक्षा होती आणि ती काही मिरवण्यासारखी नाही. तरी त्या खाकरण्यात एक गोष्ट मान्य केलेली होती: घर माझं असलं, तरी आतल्या माणसाला माझ्या येण्याची आगाऊ सूचना मिळायला हवी. शिवाय एका खोलीत मी तुम्हाला बघत असलो, तर तुम्हीही मला बघत असता. नजर दोन्हीकडून असते. राऊटर खाकरत नाही. तो भिंतीवर गुपचूप हिरवा दिवा लुकलुकवत बसतो आणि त्याची नजर एकाच बाजूने जाते.

ती सगळ्यांवर सारखी पडते, असंही नाही. समजा, यादीत दिसलं की रात्री दोन वाजता माझा फोन जागा होता. कुणी काही म्हणणार नाही; फार तर ‘मॅच बघत असेल’. तीच नोंद वहिनीच्या फोनची असेल तर? लगेच ‘एवढ्या रात्री कुणाशी?’ हा प्रश्न घरात तोंडाने नाही तरी डोळ्यांनी विचारला जाईल. वहिनी कदाचित झोप येत नाही म्हणून भजनं ऐकत असेल, कदाचित बहिणीशी बोलत असेल. ते सांगण्याची वेळ तिच्यावर येणं, यातच तिचं काहीतरी हिरावलेलं आहे. माझ्यावर ती वेळ येणारच नाही. ‘लपवण्यासारखं नसेल तर भीती कशाला’ हे वाक्य घरात बहुधा तीच माणसं म्हणतात ज्यांना कुणी जाब विचारत नाही. खाजगीपणा जागेचा नसतो, माणसाचा असतो, हा विचार आपल्या न्यायालयांनीही मान्य केलेला आहे. तेव्हा घर एक असलं, तरी त्यात राहणाऱ्या सहा जणांचे खाजगीपणे सहा.

मग नेटवर्क सांभाळणाऱ्याने कसं वागावं? भुसावळला याचा एक जुना नमुना आहे. आपलं गाव जंक्शन म्हणून सगळ्यांना ठाऊक असतं, पण रेल्वे डाक सेवेचं, म्हणजे आरएमएसचंही ते जुनं ठाणं. धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून टपाल वेगळं करणारे सॉर्टर हजारो पत्ते वाचायचे. पत्ता वाचणं हे त्यांचं कामच. पण कामापुरतंच वाचायचं: हे पाकीट कुठल्या थैलीत टाकायचं, एवढंच. कुणाला कुणाचं पत्र येतं, याची वही ठेवायची नाही, आणि उघडून बघण्याचा तर प्रश्नच नाही. १८९८च्या डाक कायद्यात कर्मचाऱ्याने अधिकार नसताना टपाल उघडणं हा शिक्षेचा गुन्हा होता. राऊटर म्हणजे घरातला सॉर्टरच. पाकीट योग्य फोनकडे पोचवायला जेवढं बघावं लागतं तेवढंच त्याने बघावं आणि पोचलं की विसरावं. त्याला पहारेकरी करायचा की सॉर्टर ठेवायचा, हे बसवणाऱ्याच्या हातात असतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पुतणी पंधरा वर्षांची आहे. बाहेर फसवणारे आहेत, धमकावणारे आहेत. लेकरावर लक्ष ठेवायचं नाही तर काय करायचं? दादाचा हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. यावर बाबा जे म्हणाले ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी वाटलं. ते लोको पायलट म्हणून निवृत्त झाले. “आमच्या इंजिनातही वेगाची नोंद व्हायची,” ते म्हणाले. “पण नोंद होते हे आम्हाला ठाऊक असायचं, कशाची होते तेही ठाऊक असायचं. मागे हजार माणसं बसलेली असायची म्हणून व्हायची. ड्यूटी संपली की घरी येऊन मी किती वेगाने चालतो, हे कुणी मोजत नव्हतं.”

त्यात तीन अटी आल्या. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याला ते माहीत हवं. कारण खरं आणि मोठं हवं. आणि त्याला कुठेतरी शेवट हवा. चोरून ठेवलेली नोंद पहिल्याच अटीला नापास होते.

मी त्यात आणखी एक मुद्दा घालीन. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये एका मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो बघता बघता राजाचा खून करून राज्य बळकावतो. तिथला प्रश्न असा, की कुणी बघत नसताना माणूस नीट वागेल का? आपण ही गोष्ट सहसा भीतीने ऐकतो. पण ती उलटीकडून बघा. कुणी बघत नसताना नीट वागता येतं, हे शिकायचं असेल तर कुणी बघत नसलेला वेळ मिळायला हवा. पुतणीला पंधराव्या वर्षी असा एकही तास मिळाला नाही, तर अठराव्या वर्षी पुण्याच्या होस्टेलवर ती तो एकदम सगळाच्या सगळा घेईल. आणि तिच्यावर विश्वास ठेवण्याची संधी आम्हालाही कधी मिळणार नाही, कारण नोंदवही हातात असताना विश्वासाची गरजच पडत नाही. मध्यंतरी काही चुकीचं घडलं तर? तेव्हा ती आमच्याकडे येईल का, हा खरा प्रश्न. जो आपली यादी चोरून वाचतो, त्याच्याकडे कुणी आपणहून जात नाही.

शेवटी आम्ही जेवणं झाल्यावर सगळे बसलो आणि ठरवलं. वेबसाइट्सची नोंद करणारं बटण बंद. राऊटरचा मुख्य पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पाकिटात, पाकीट आईच्या गोदरेजच्या कपाटात. कुणीही उघडावं, पण उघडलं तर सगळ्यांना सांगावं. कॅमेरा एकच, फाटकावर, रस्त्याकडे तोंड करून. तो आधी हॉलमध्ये लावायचं चाललं होतं. तेव्हा वहिनीने विचारलं होतं, “मी पोळ्या लाटताना दुकानात बसून ह्यांनी बघायचं का?” दादाकडे त्यावर उत्तर नव्हतं. पुतणीच्या टॅबसाठी घाणेरड्या साइट्स अडवणारी चाळणी लावली, ती तिच्या समोर बसून, काय अडतं आणि काय नाही हे दाखवत. रात्री अकरानंतर टॅबचं नेट बंद, असंही ठरत होतं.

“आणि तुमचं?” ती म्हणाली.

कुणी बोललं नाही. नियम फक्त तिच्यासाठी का, याचं धड कारण आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. आता रात्री अकराला सगळ्या घराचं वायफाय बंद होतं. प्रत्येकाच्या फोनमध्ये मोबाईल डेटा आहेच, त्यामुळे कुणी अडून राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी अकरा वाजले की हॉलमधला हिरवा दिवा विझतो आणि बाबा उठून म्हणतात, “चला, गाडी शेडमध्ये गेली.”