घरांत शिरणारे चार घोडेस्वार

शास्त्रपाठ : प्रकटीकरण ६:१–८, इफिसकरांस पत्र ४:२५–३२



प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायांत योहानानें चार घोडे पाहिले : पांढरा, तांबडा, काळा व फिकट. त्यांच्या मागून लढाई, दुष्काळ व मरण हीं चालत आलीं. हा भाग वाचतांना आपल्या मनांत राज्यांचे व राष्ट्रांचे विचार येतात. आपल्या चुलीजवळच्या बोलण्याचा विचार सहसा येत नाहीं. परंतु अमेरिकेंतील एका मानसशास्त्रज्ञानें हेंच चित्र घेऊन नवराबायकोच्या भांडणास लाविलें आहे, व त्यांत आपणांस शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

त्या गृहस्थांचें नांव जॉन गॉटमन. १९८६ सालीं त्यांनीं सिअ‍ॅटल शहरीं वॉशिंग्टन विद्यापीठांत एक प्रयोगशाळा उघडली. ज्या गोष्टीवरून घरांत वाद होतो तीच गोष्ट तेथें जोडप्यास समोरासमोर बसून बोलावयास सांगत. त्यांचे शब्द, चेहऱ्यावरील भाव व नाडीचे ठोके टिपून ठेवीत, आणि तीं जोडपीं पुढें एकत्र राहिलीं कीं विभक्त झालीं याचा वर्षानुवर्षें शोध घेत. रॉबर्ट लेव्हनसन हे या कामीं त्यांचे सहकारी होते. त्यांस असें आढळलें कीं, वाद सुखी घरांतही होतात. पुष्कळ वाद तर कधींच मिटत नाहींत, तरी घर टिकतें. घर मोडतें तें वादानें नव्हे, तर वाद करण्याच्या रीतीनें. चार रीति विशेष घातक दिसल्या. त्यांस गॉटमन यांनीं प्रकटीकरणांतील चार घोडेस्वारांचें नांव दिलें.

पहिला स्वार दोषारोप. तक्रार निराळी व दोषारोप निराळा. "दळण आणावयाचें राहिलें, आतां भाकरी कशाच्या करूं?" ही तक्रार झाली, ती एका कृत्याविषयीं आहे. "तुम्हांला घराची काळजी कधीं होतीच कोठें?" हा दोषारोप झाला, तो सबंध माणसावर घाव घालतो. यावर उपाय असा कीं, आरंभ सौम्य करावा, आणि दुसऱ्याचा स्वभाव न काढतां आपल्या मनाची स्थिति व आपली गरज सांगावी : "आज मी फार थकलें आहें, तुम्ही दळण आणलें तर मला हलकें होईल." ज्या बोलण्याचा आरंभ कठोर, त्याचा शेवट बहुधा कठोरच होतो.

दुसरा स्वार तुच्छता. वेडावणें, नांवें ठेवणें, माहेरचा किंवा गरिबीचा उद्धार करणें, "तुला काय कळतें?" म्हणून चारचौघांत हंसणें, हीं त्याचीं रूपें. गॉटमन यांच्या मतें चौघांत हा सर्वांत प्राणघातक. आपल्या प्रभूनेंही डोंगरावरील प्रवचनांत भावाला हिणविणाऱ्या शब्दांची गोष्ट खुनाच्या आज्ञेखालींच घेतली आहे. ज्या माणसाला देवानें आपल्या प्रतिरूपाचें घडविलें, त्याला पायाखालीं घालणें ही लहान गोष्ट नव्हे. यावर औषध एका दिवसांत लागू पडत नाहीं. तें रोज थोडें थोडें द्यावें लागतें. टिकलेल्या जोडप्यांच्या वादांतसुद्धां एका कडू बोलामागें किंवा हावभावामागें सुमारें पांच गोड आढळले. नवविवाहितांचा मागोवा सहा वर्षें घेतला असतां गॉटमन यांस दिसलें कीं, एकत्र राहिलेल्यांनीं जोडीदाराच्या हांकेला शंभरांपैकीं ८६ वेळां ओ दिली होती. विभक्त झालेल्यांनीं केवळ ३३ वेळां. हांक म्हणजे मोठी कांहीं नव्हे. "पाहिलेंत का, गाय आज चरत नाहीं," एवढेंच बायको म्हणते. नवरा मान वर करून पाहतो, किंवा पाहत नाहीं. घर त्यावरच उभें असतें.

तिसरा स्वार स्वसमर्थन. हा अगदीं जुना आहे. एदेन बागेंतच तो प्रथम दिसला. आदामानें स्त्रीवर बोट दाखविलें, स्त्रीनें सर्पावर, आणि आदामाच्या उत्तरांत तर ती स्त्री देणाऱ्या देवावरही ठपका होता. आपणही असेंच करितों. "मी उशिरा आलों, पण तूं सकाळीं काय बोललीस?" यावर उपाय एवढाच कीं, दोषाचा जो भाग आपला असेल, मग तो चिमूटभर कां असेना, तेवढा तरी आधीं उचलावा. "उशीर झाला खरा, निरोप धाडावयास हवा होता." एवढ्या वाक्यानें पुष्कळदां अर्धें भांडण विझतें.

चौथा स्वार मौनाची भिंत. एक बोलत राहतें. दुसरें तोंड फिरवून बसतें किंवा उठून चावडीवर निघून जातें. असें करणारे बहुधा पुरुष असतात. बायकोला वाटतें, यांना माझी पर्वा नाहीं. परंतु नाडी तपासली असतां निराळेंच दिसलें : तो गप्प बसलेला मनुष्य पुष्कळदां आंतून उसळत असतो. ठोके मिनिटास शंभरांवर गेले म्हणजे मनुष्याला नीट ऐकूं येत नाहीं व नीट विचारही सुचत नाहीं. म्हणून अशा वेळीं निदान वीस मिनिटें थांबावें. परंतु न सांगतां जाऊं नये. "माझें डोकें तापलें आहे, जनावरांना पाणी दाखवून येतों, मग बोलूं," असें सांगून जावें, मधल्या वेळांत मनांत राग घोळीत बसूं नये, आणि ठरल्याप्रमाणें परत यावें. पौल रागाला सूर्यास्ताची मुदत घालून देतो, तिचें मर्म हेंच आहे.

येथें एक सावधगिरी. ही लक्षणें पाहून कोणतें घर मोडेल याचें भाकीत अचूक करितां येतें, या म्हणण्याविषयीं इतर विद्वानांनीं शंका घेतली आहे. म्हणून कोणीही आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घराविषयीं, "येथें चारही स्वार आले, आतां आशा नाहीं," असें म्हणूं नये. घोडेस्वार दिसणें हा इशारा आहे, निकाल नव्हे.

आतां उपदेशक बंधूंस व मंडळीच्या वडिलांस तीन गोष्टी सांगतों. कारण भांडण विकोपास गेलें म्हणजे लोक प्रथम तुमच्याच दारीं येतात.

पहिली : त्रिकोणाचा तिसरा कोन होऊं नका. कुटुंबाच्या उपचारांतील एक आद्य आचार्य मरे बोवेन (१९१३–१९९०) यांनीं दाखविलें कीं, दोघांतील ताण असह्य झाला म्हणजे तीं तिसऱ्याला ओढून आणितात. कधीं ती सासू असते, कधीं पोटचें लेंकरूं, आणि कधीं उपदेशक. तुम्ही एकाचे वकील झालां कीं दुसऱ्याचा दरवाजा तुम्हांस बंद झाला. दोघांचेंही ऐका, व ऐकलेलें पोटांत ठेवा. प्रार्थनासभेंत "अमुक घराकरितां प्रार्थना करा" म्हणून तें गुपित उघडें करूं नका. तसें केल्यानें ती प्रार्थना राहत नाहीं, चहाडी होते.

दुसरी : मारहाण हें भांडण नव्हे. नील जेकबसन व गॉटमन यांनीं हात उगारणाऱ्या नवऱ्यांचाही अभ्यास केला. त्यावरील त्यांचें पुस्तक १९९८ सालीं निघालें. जेथें स्त्री नवऱ्याला भितें, तेथें दोघांस एकत्र बसवून मोकळेपणानें बोलावयास लावणें धोक्याचें असतें. दिवसा ती जें बोलेल त्याची किंमत तिला रात्रीं द्यावी लागते. तिला "सोसून घे, बाई" असें सांगून परत धाडूं नका, आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पांचवा अध्याय तिच्यावर काठीसारखा उगारूं नका. त्याच अध्यायांत नवऱ्यावर घातलेलें ओझें अधिक जड आहे. आधीं तिचा व लेंकरांचा जीव सुरक्षित करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानें यासाठीं संरक्षण अधिकारी नेमिले आहेत. स्त्रियांकरितां १८१ हा दूरध्वनि आहे. समेटाची गोष्ट मागाहून.

तिसरी : आजाराला पाप म्हणूं नका. झोंप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, जीव नकोसा झाला आहे, किंवा दारू सुटत नाहीं, अशी स्थिति असेल तर केवळ उपदेश पुरत नाहीं. जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागाकडे किंवा नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे त्या मनुष्याबरोबर स्वतः जा. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही फुकट सेवा चालू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. ही परकी विद्या आहे, असेंही कोणी म्हणूं नये. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० च्या दशकांत रोग्यांच्या नातलगांस बोलावून आवारांत तंबू ठोकून ठेवून घेतलें, व घरच्या माणसांसच उपचारांत सामील केलें. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानेंही रोग्याबरोबर कुटुंबास ठेवण्याची रीत पाळली. घर दुखावतें, तसें घरच बरेंही करितें, हें आपल्या देशानें जगाला दाखविलें आहे.

बंधुभगिनींनो, या आठवड्यांत प्रत्येकानें एकच गोष्ट करावी. शेजारच्या घरीं कोणता स्वार शिरला हें न पाहतां आपल्या जिभेवर कोणता बसला आहे तें ओळखावें, व त्याला खालीं उतरवावें. नवऱ्यानें बायकोला आणि बायकोनें नवऱ्याला दिवसांतून एकदां तरी खऱ्या मनानें चांगलें म्हणावें. त्याच प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आणखी एक स्वार दिसतो. तोही पांढऱ्या घोड्यावर येतो, पण त्याचें नांव विश्वासू आहे. तो ज्या दारांतून आंत येतो, त्या दारांत त्या चौघांस फार काळ उभें राहवत नाहीं. तो आपल्या प्रत्येकाच्या घरीं येवो. आमेन.