त्याग कधी पूर्ण होतो?

वापर थांबला की त्याग झाला, असे आपण सहज मानतो. ही समजूत अपुरी आहे. हक्क सोडल्याचे संबंधिताला कळत नाही, तोवर त्याग अर्धाच राहतो. याचा स्वच्छ पुरावा संगणकाच्या एसएसडी या साठवण-ड्राइव्हमध्ये सापडतो. फाइल डिलीट केली की फाइल सिस्टिम आपल्या नोंदीत ती जागा मोकळी दाखवते. ड्राइव्हला मात्र त्याचा पत्ता नसतो. ड्राइव्हच्या फ्लॅश मेमरीत लिहिणे पानापानाने होते, पुसणे अनेक पानांच्या अख्ख्या ब्लॉकचेच, आणि पुसल्याशिवाय त्याच जागी पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून ब्लॉक रिकामा करताना ड्राइव्ह टाकून दिलेला मजकूरही जिवंत समजून दुसरीकडे उतरवत राहतो. वेग मंदावतो, आणि मोजक्याच वेळा पुसता येणाऱ्या पेशी निरर्थक नकलांत झिजतात. 2009 च्या विंडोज 7 पासून रुळलेली ‘ट्रिम’ ही आज्ञा स्वतः काही पुसत नाही. या जागेवर आता हक्क नाही, एवढेच ती ड्राइव्हला कळवते. अनेक सर्व्हर एकच साठा वाटून घेतात तिथे हेच काम ‘अनमॅप’ करते. न कळवलेली जागा दुसऱ्या गरजूला मिळतच नाही.

त्याग कळवावाच लागतो, हे धर्मशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. दान म्हणजे स्वतःचे स्वामित्व संपवून दुसऱ्याचे निर्माण करणे. यज्ञात आहुतीबरोबर ‘हे माझे नाही’ असे यजमानाला उच्चारावे लागते. तळे खोदून भागत नाही. उत्सर्गाचा विधी करून ते सर्वांसाठी मोकळे करायचे असते.

यंत्रावरून नीती कशी ठरवणार, असे कोणी विचारील. पण यंत्राला आसक्ती नसते, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची: आसक्ती शून्य असली, तरी न कळवलेला त्याग दुसऱ्यावर भार टाकतोच. दुसरा आक्षेप: त्याग बोलून दाखवणे हा अहंकार नव्हे का? जगाला सांगणे अहंकार असेल. ट्रिम फक्त ड्राइव्हला सांगते. तिसरा आक्षेप वजनदार आहे: ट्रिमनंतर फाइल परत मिळणे जवळपास अशक्य होते. खरे आहे, म्हणून विचाराला अवधी हवा. लिनक्सच्या अनेक वितरणांत ट्रिम आठवड्यातून एकदा चालते. अवधी आहे, पण त्याला मुदतही आहे. परतीची वाट कायम राखून केलेला त्याग ही केवळ साठवण होय.

भावंडांसाठी जमिनीतला वाटा मनाने सोडला असेल, तर हक्कसोडपत्र नोंदवा. तोवर सातबाऱ्यावर नाव तुमचेच राहते, आणि अडचण त्यांची.