वर्गात मृत्यूविषयी बोलावे का?

शंका : मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. एका मुलाचे वडील अपघातात वारले. तेरावे झाल्यावर तो शाळेत येईल. बाकीच्या मुलांना आधी काही सांगावे का? सहकारी म्हणतात, विषयच काढू नका. – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

समाधान : बाई, जरूर सांगा, आणि तो यायच्या आत सांगा. गावातली बातमी मुलांच्या कानावर गेलेलीच असते, पण अर्धवट आणि भयंकर होऊन. आधी त्याच्या आईला किंवा काकांना भेटा, वर्गात काय सांगितलेले चालेल ते विचारा. मग मुलांना जवळ बसवून थोडक्यात सांगा : 'त्याचे बाबा वारले. वारले म्हणजे शरीराचे काम कायमचे थांबले. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत.'

'झोपले', 'गावाला गेले' हे शब्द कटाक्षाने टाळा. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी हंगेरीतल्या मुलांशी बोलून १९४८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालची मुले मृत्यूला झोप किंवा प्रवास समजतात, असे त्यांना आढळले. आपण मायेने वापरलेले शब्द नेमका हाच गैरसमज पक्का करतात. मग एखादे मूल रात्री झोपायला घाबरते, तर एखादे महिनोन् महिने दाराकडे डोळे लावून बसते.

त्याच्याशी कसे वागायचे, हेही मुलांना सांगून ठेवा. 'तुझे बाबा गेले, मला फार वाईट वाटलं' एवढे म्हटले तरी पुरे. तेही जमले नाही तर शेजारी बसावे, डबा एकत्र खावा. 'कसं झालं?' असे खोदून विचारू नये.

शंका : त्याच मुलाने 'बाबा देवाघरी गेले म्हणजे कुठे गेले?' असे विचारले तर? वर्गात हिंदू, बौद्ध, मुसलमान अशी सगळीच मुले आहेत.

समाधान : या प्रश्नाचे दोन भाग करा. शरीराचे काय झाले, याचे उत्तर सर्वांसाठी एकच आहे. ते शाळेने स्पष्ट द्यावे. त्यानंतर काय, याचे उत्तर घरोघरी वेगळे आहे. 'देवाघरी' हा त्याच्या घरच्यांचा आधार आहे, तो खोडून काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि आपली श्रद्धा सबंध वर्गावर लादण्याचाही नाही. 'तुझ्या घरी असं मानतात. आजीला विचार, ती नीट सांगेल. दुसऱ्या घरी वेगळं मानत असतील' असे म्हणा.

प्रश्न विचारल्याबद्दल मात्र कुणाला गप्प करू नका. कठोपनिषदात नचिकेता हा मुलगाच साक्षात यमाला मृत्यूविषयी विचारतो. यम त्याला हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य देऊ करतो. मुलगा हटत नाही, तेव्हा यमाला उत्तर द्यावेच लागते. दुःख वाटून घेण्याविषयी बुद्धांचीही एक कथा आहे. मेलेल्या बाळासाठी औषध मागणाऱ्या किसा गोतमीला बुद्धांनी, ज्या घरी कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला पाठवले. दारोदार फिरताना तिला कळले की हे दुःख आपल्या एकटीचे नाही. वर्गातल्या मुलांनाही आपापले गेलेले आजोबा, आत्या, कुत्रा आठवू द्या. त्यामुळे त्या मुलाचे एकटेपण कमी होईल.

शंका : घरात सुतक आहे. पहिलीतल्या नातीला शाळेत पाठवावे का? – एक आजी, नाशिक

समाधान : आजी, पाठवा. सुतकाची बंधने देवपूजा आणि मंगलकार्य यांच्यासाठी आहेत, शाळेसाठी नाहीत. तिची तयारी असेल तेव्हा पाठवा; रोजचा वर्ग आणि मैत्रिणी यांनी तिला धीर येईल. दहाव्याला यायचे म्हणाली तर तिथे काय काय होणार ते आधी सांगून न्या. नको म्हणाली तर आग्रह करू नका.

शंका : वडील वारलेला मुलगा शाळेत परतल्यावर पहिल्याच दिवशी हसला, खेळला. आठ दिवसांनी मात्र त्याने विनाकारण मित्राला मारले. त्याला दुःख झालेच नाही का?

समाधान : झाले आहे. लहान मुलाला दुःख सलग पेलत नाही. ते थोडे रडते, लगेच खेळायला पळते, आणि राहिलेले दुःख कधी रागातून, कधी पोटदुखीतून बाहेर येते. मारू नकोस हा नियम त्यालाही लागू ठेवा, पण नंतर एकट्याला जवळ घ्या. 'मी बाबांवर रागावलो म्हणून ते गेले' अशी भीती अनेक मुलांच्या मनात असते. त्याने विचारायची वाट न पाहता सांगा : 'तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही.' 'माझे बाबा' असा निबंध असेल तर लिहायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. कित्येक आठवडे तो जेवत-झोपत नसेल तर घरच्यांशी बोलून डॉक्टरांचा सल्ला घ्या. 'मलाही बाबांकडे जायचंय' असे म्हणाला तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : अशा वेळी मुलाशी खोटे बोलू नका आणि गप्पही राहू नका. बोलताना तुमचे डोळे भरून आले तरी चालेल.